जुनी पण वेगवान गाडी आणि आपला उन्हाळा: घेण्याआधी नेमकं काय तपासावं?

वेणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यातलं खेडं, घरची कास्तकारी, आणि कामानिमित्त आठवड्यातून दोन-तीनदा नागपूर. बरीच वर्षं साधी डिझेल हॅचबॅक चालवली, तिने निमूट साथ दिली. आता मात्र एक गाडी मनात बसली आहे. २०१८ ची, दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस, सहा गिअरची डीएसजी (दोन क्लचची ऑटोमॅटिक). इंजिन फोक्सवॅगनच्या ईए८८८ घराण्यातलं, तिसरी पिढी. मीटरवर ७१ हजार किमी, दोन मालक, एमएच ३१ पासिंग. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा गाड्या नागपुरात मोजक्याच आहेत आणि विकणारेही इथे वाचत असतील.

पैसे जमवले आहेत, घरच्यांची संमती आहे. प्रश्न गाडीचा आहे. महामार्गापासून घरापर्यंत नऊ किमी डांबर उखडलेला रस्ता आणि शेवटी पांदण, म्हणजे शेतातली कच्ची वाट. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या पुढे जातो. जवळचं मोठं वर्कशॉप म्हणजे नागपूर, पाऊणशे किमी. 'टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) गेला तर?' असं सगळेच विचारतात. मला हे जाणून घ्यायचं आहे की टर्बोच्या आधी काय जातं, आणि ते गाडी बघतानाच ओळखता येतं का.

टर्बोलॅग

घ्याच. समृद्धीवर अशी गाडी चालवणं हा वेगळाच आनंद आहे. धागा वाचनखुणेत साठवला.

पाना १३

वेणाकाठ भाऊ, प्रश्न बरोबर विचारला तुम्ही. बुटीबोरीच्या बाजूला माझं गॅरेज आहे, त्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये याच घराण्याच्या गाड्या उघडत होतो. जे पाहिलं ते सांगतो.

या गाड्यांचं मूळ इंजिन सहसा मरत नाही. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, चांगला दणकट. मरतं ते त्याच्या भोवतीचं प्लास्टिक आणि रबर. ते किलोमीटरने कमी आणि उष्णतेने जास्त मरतं. युरोपात जो भाग दहा वर्षं टिकतो त्याच्याकडून आपल्या उन्हाळ्यात तेवढी अपेक्षा करू नका. म्हणून ७१ हजार हा आकडा मला फार काही सांगत नाही. गाडी सावलीत उभी राहत होती की उन्हात, आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि ऑइल कोणी, कधी, कोणतं बदललं, हे कळलं तर गाडी कळली.

पहिला संशयित: कूलंट फिरवणारा वॉटर पंप आणि तपमान सांभाळणारा थर्मोस्टॅट, यांचं एकत्र घर. तिसऱ्या पिढीत ते प्लास्टिकचं आहे, इंजिनाच्या पुढच्या अंगाला इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली बसतं. वयानं ते वाकतं, सील बसकं होतं आणि कूलंट झिरपायला लागतं. गंमत नाही, खरंच धोका आहे, कारण थेंब जमिनीवर दिसत नाहीत. खाली इंजिनाचा ट्रे असतो, तो सगळं पिऊन घेतो. मालक म्हणतो, 'कधीकधी थोडं पाणी टाकावं लागतं, बाकी काही नाही.' हे वाक्य ऐकलं की ट्रे काढून बघायचाच. गुलाबी-जांभळट वाळलेली खरड दिसेल, गोडसर वास येईल.

हे झिरपणं हेडच्या, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या इंजिनाच्या वरच्या भागाच्या, जिवावर उठतं. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक लोखंडाचा. कूलंट कमी असताना मे महिन्यात बोरखेडीचा टोल ओलांडून कोणी १४० ने दामटली की हेड वाकतं, गॅस्केट जातं. मग खर्च भाग बदलण्याचा राहत नाही, इंजिन उतरवण्याचा होतो. तपमानाच्या काट्यावर विसंबू नका. या घराण्यात काटा बराच वेळ ९० वरच बसलेला दिसतो, आत तपमान वर-खाली होत असलं तरी. खरं तपमान स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर) बघायचं.

दुसरा: पीसीव्ही, म्हणजे क्रँककेसमधली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा व्हॉल्व्ह. आतला रबरी पडदा फाटतो. गाडी चालू असताना ऑइलची टोपी उघडून बघा. जोराची ओढ आणि शीळ ऐकू आली तर पडदा गेला. हा खर्च मोठा नाही, पण तसंच चालवत राहिलं तर ऑइल इनटेकमध्ये जातं आणि पुढच्या भानगडी सुरू होतात.

तिसरा: इग्निशन कॉइल आणि प्लग. चाचणीत तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण दाबा. गाडी अडखळली, ईपीसीचा (इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक बिघाडाचा) दिवा लागला तर मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी चुकते. हा घाबरवणारा पण स्वस्तातला आजार आहे.

चौथा: कार्बन. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून वाहत नाही, म्हणून ते व्हॉल्व्ह कधी धुतले जात नाहीत. काजळी साचते. सकाळी थंड स्टार्टला गाडी थरथरते, मग गरम झाली की शांत. साफ करायची योग्य पद्धत म्हणजे मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाची भुकटी दाबाने मारणे. पेट्रोलमध्ये ओतायच्या बाटल्यांनी हे निघत नाही, कारण ते पेट्रोल तिथे पोचतच नाही.

टर्बोवर उद्या लिहितो, दुकानात गाडी उभी आहे.

खारपाण

पाना १३ दादा, कूलंटच्या मुद्द्यात एक भर घालतो. मी दर्यापूरकडचा. आमचा अख्खा भाग खारपाण पट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी जनावरं पीत नाहीत, ते लोक बिनधास्त रेडिएटरमध्ये ओततात. ट्रॅक्टर कसंबसं सहन करतं. ॲल्युमिनियमच्या बारीक नळ्या असलेला रेडिएटर आणि हीटर कोअर नाही सहन करत. क्षार बसतात, आतून गंज लागतो, आणि वॉटर पंपाचं सील खरवडलं जातं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या जड पाण्याचंही तेच.

जुनी गाडी घेताना कूलंटच्या टाकीत टॉर्च मारून बघा. तळाशी पांढरट-तांबूस गाळ असेल तर कोणीतरी साधं पाणी टाकलेलं आहे. घेतल्यावर पूर्ण सिस्टीम डिस्टिल्ड वॉटरने धुऊन कंपनीच्या दर्जाचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं भरा, आणि डिकीत एक कॅन कायम ठेवा. रस्त्यावर गरज पडली की माणूस जे हाताला लागेल ते ओततो, म्हणून कॅन.

धुऱ्यावरचा

भाऊ, मी यवतमाळ जिल्ह्यातला. गाडी पाह्याले जाशीन तवा सकाळी सकाळीच जा. त्याले आदल्या दिवशी सांगून ठेव का मी येईपर्यंत इंजन चालू करू नको. बॉनेटले हात लावून पाह्य, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत ये. थंड्या इंजनले पह्यल्या दोन-तीन सेकंदात इंजनातल्या टायमिंग चेनचा खडखड आवाज येते का ते आयकाचं. गरम इंजन सगळंच लपवते. अन् टायरवरचे चार आकडे वाच. २३१९ असन त २०१९ च्या तेविसाव्या हप्त्यातला टायर. जाडी कितीबी असो, सहा-सात वर्साचा टायर घेऊन समृद्धीवर जाऊ नको.

खामगावी

थोडा विरोधी सूर लावतो. माझ्या मते खेड्यात राहून ही गाडी घेऊ नये. कारण दुरुस्ती नव्हे, अंतर आहे. शहरात गाडी लिंप मोडला गेली (बिघाड झाल्यावर कॉम्प्युटरने ताकद रोखली) तर माणूस रिक्षाने घरी जातो. आपल्याकडे रात्री नऊला दारव्हा-आर्णीच्या मधे गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जायला तयार नसेल, तर काय करणार? सोबत आई-वडील, लेकरं. त्याच पैशात टर्बो नसलेली, साध्या ऑटोमॅटिकची चांगली सेडान येते. ती तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त होते. वेगाचा आनंद मला समजतो, पण गाडी घरची एकमेव असेल तर हा विचार आधी करा.

वेणाकाठ

खामगावी, हे मनावर घेतलं आहे. जुनी डिझेल विकणार नाही. पेरणी, बाजार, दवाखाना तिच्यावरच. ही गाडी नागपूरसाठी आणि माझ्यासाठी.

जिनिंगवाला

मग उभी राहणार हे नक्की. त्याचे आजार वेगळे, त्यावर लिहितो.

आमचं घर वणीच्या बाजूला, शेजारी जिनिंग. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की हवेत रुई असते. या गाड्यांत पुढे एसीचा कंडेन्सर, त्यामागे इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी), त्यामागे रेडिएटर अशी चळत असते. रुईचा धागा पहिल्या जाळीतून जातो आणि मधल्या फटीत अडकतो. त्यावर कोळशाच्या ट्रकांची धूळ बसली की नमदा तयार होतो. समोरून बघाल तर जाळी स्वच्छ दिसते. एसी उभ्या गाडीत गार होत नाही, पळताना होतो, ही पहिली खूण. दुसरी म्हणजे दुपारी गाडी सुस्त वाटते आणि पहाटे तीच गाडी उधळते. इंटरकूलरला हवा मिळाली नाही की इंजिनात गरम हवा जाते, नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकणं) टाळायला कॉम्प्युटर इग्निशन मागे घेतो, ताकद कमी होते. लोक टर्बोवर शंका घेतात आणि बिचारा टर्बो ठणठणीत असतो.

हंगाम संपला की बंपर उघडून मागून पुढे कमी दाबाने पाणी मारून घ्यायचं. धुलाई केंद्राच्या प्रेशरने मारू नका, पंख वाकतात.

आणि उंदीर. सोयाबीन, तूर घरात आली की ते येतात. इंजिनात ऊब, कोपरे भरपूर. माझ्या गाडीत ऑक्सिजन सेन्सरची वायर कुरतडली होती, दिवा लागला. स्कॅनरने सेन्सर खराब सांगितला आणि सेन्सर चांगला होता. दिवा लागला की भाग मागवण्याआधी वायर डोळ्यांनी बघून घ्या. उभी गाडी गोदामात नको, मोकळ्या शेडमध्ये बॉनेट थोडं उघडं ठेवून लावा.

पाना १३

जिनिंगवाला भाऊंनी लिहिलेलं शंभर टक्के खरं. पुढचं सांगतो.

टर्बो. या इंजिनाचा मूळ टर्बो मूळ ताकदीवर बरीच वर्षं चालतो. त्याला मारतात त्या दोनच गोष्टी, जुनं ऑइल आणि रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणं). कंपनी १५ हजार किमी किंवा एक वर्ष सांगते. मी माझ्या गिऱ्हाइकांना साडेसात हजारच सांगतो, आणि उन्हाळा संपल्यावर एकदा, किमी कितीही झालेले असोत. ऑइल कंपनीने मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रमाणाचंच. ५डब्ल्यू-४० एवढंच डब्यावर बघू नका, फोक्सवॅगनची ५०२ ०० मंजुरी आहे का ते वाचा. नागपूरहून येताना शेवटचे नऊ किमी तुम्हाला हळू चालावंच लागणार आहे, म्हणजे टर्बो घरी पोचेपर्यंत आपोआप थंड होतो. पण महामार्गावर ढाब्यावर थांबलात तर मिनिटभर चालू ठेवा. बंद केल्यावर पंखा आणि छोटा पंप घरघरत असतील तर ते त्यांचं काम आहे, बॅटरी काढू नका.

रीमॅपबद्दल. २३० पीएसची गाडी २९० वर नेऊन दोन-तीन वर्षं चालवायची आणि विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकायचं, हे सर्रास होतं. सॉफ्टवेअर पुसता येतं, खुणा पुसता येत नाहीत. एक्झॉस्टच्या जोडावरचे नट बाकीच्यांपेक्षा चकचकीत आहेत का, एअर फिल्टरच्या डब्याचे स्क्रू बदललेले आहेत का, प्लग कोणत्या नंबरचे आहेत, हे बघा. रीमॅप म्हणजे पाप नाही. पण ती ताकद त्याच क्लचने, त्याच टर्बोने, ४५ अंशात सोसलेली असते आणि किंमत तुमच्याकडून मूळ गाडीची मागितली जाते.

गिअरबॉक्स. तुमची सहा गिअरची, ओल्या (ऑइलमध्ये बुडालेल्या) क्लचची आहे, डीक्यू२५०. ही चांगली पेटी आहे, एकाच अटीवर: दर ६० हजारला ऑइल आणि फिल्टर. ७१ हजारच्या गाडीत हे एकदा झालेलं असायलाच हवं. 'झालंय' हे तोंडी ऐकू नका, बिलावर ऑइल आणि फिल्टर दोन्ही दिसले पाहिजेत. गरम झाल्यावर रिव्हर्स आणि ड्राइव्हमध्ये टाकताना धक्का बसतो का ते बघा. न्यूट्रलमध्ये आणि बंद करताना खुळखुळ वाजत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिन आणि पेटीमधलं धक्के शोषणारं जड चाक) गेलं. पेटी उतरवल्याशिवाय ते बदलत नाही.

अंबानगरी

माझी गाडी लहान आहे, १.२ टर्बो, सात गिअरची कोरड्या क्लचची डीएसजी. अमरावतीत रोज चालवते. इथे ज्यांना तसली गाडी बघायची असेल त्यांच्यासाठी: राजकमल चौकातल्या गर्दीत ब्रेक हलका सोडून गाडी रांगू देऊ नका. ब्रेक पूर्ण दाबून ठेवला की क्लच सुटलेला राहतो. अर्धवट सोडला की तो घासतो आणि तापतो. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग एकदाच पुढे जा. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या. गाडी घेताना चढावर उभी करून सुटताना थरथरते का ते मी स्वतः पाहिलं होतं, मेकॅनिकवर सोडलं नव्हतं.

पाना १३

ताई, अगदी योग्य सवय. कोरड्या पेटीत, म्हणजे डीक्यू२०० मध्ये, क्लचपेक्षा मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग) महाग पडतं. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरात सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून याच पेटीचं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरलं होतं. उष्ण आणि दमट हवेत सतत थांबत-चालत जाणाऱ्या गाड्यांत आतल्या इलेक्ट्रॉनिक भागाचा वीजपुरवठा बंद पडत होता. म्हणजे उष्णतेचा मुद्दा मी मनाने सांगत नाही. त्या काळातली जुनी गाडी कोणी घेत असेल तर हे काम झालं का, हे चेसिस नंबरवरून विचारून घ्या.

रातराणी एक्सप्रेस

डिझेलवाल्यांसाठी कोणी लिहील का? २०१२ ची बीएमडब्ल्यू ३२०डी मनात आहे. भाव फारच उतरलाय.

पाना १३

भाव उतरण्यामागे कारण आहे. त्या सालात तिच्यात एन४७ इंजिन येतं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेनच्या कामाला पेटी किंवा इंजिन उतरवावं लागतं, आणि चेन तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात. थंड स्टार्टला मागून करकर आवाज आला तर परत फिरा. चेनचं काम झाल्याचं बिल असेल तरच पुढे बोला. पेट्रोलमध्ये ३२८आय बघत असाल तर एन२० इंजिनातही चेनच्या प्लास्टिकच्या गाइडची तक्रार माहीत असलेली आहे, सुरुवातीच्या सालांत जास्त. आणि दोन्हीकडे रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं चालणारे) टायर. त्यांच्या कडक भिंती खड्ड्याचा धक्का तसाच्या तसा रिमला देतात.

कॅरब्युरेटर

ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल कोणीच बोललं नाही. २०१८ ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. ऑक्टेन ९५ आहे म्हणून सगळं ठीक, असं पंपावाले सांगतात.

खारपाण

दोन वेगळे प्रश्न आहेत. ऑक्टेनचा (पेट्रोलच्या नॉकिंग सोसण्याच्या क्षमतेचा) त्रास नाही, उलट टर्बोला तो फायद्याचा. इथेनॉल रबर, सील आणि इंधनाच्या नळ्यांवर काय करतं हा दुसरा प्रश्न. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्या हिशोबाने बनल्या, आधीच्या नाहीत. शिवाय इथेनॉलमध्ये उष्मांक कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरतं. मी जुन्या टर्बोत एवढंच पाळतो: इंधनाच्या रबरी नळ्या वर्षातून एकदा हाताने चाचपायच्या, पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गाडी दाखवायची, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल तसंच पडू द्यायचं नाही. पावसाळ्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. उभ्या गाडीला ते बरं नाही.

धुऱ्यावरचा

पांदण्याचं कोणी नाही सांगितलं, मी सांगतो. मधात गवताचा पट्टा रायते त्याच्यावर खालचा ट्रे घासते, क्लिपा तुटते, मंग लोंबते. त्या ट्रेवर सोयाबीनचं कुटार (भुसा) साचते. अन् वरतं टर्बो, क्याटलिटिक कन्व्हर्टर तापून लाल. आग लागाले येवढं पुरे. हंगामात रस्त्यावर पसरलेल्या कुटारावरून गाडी नेऊ नको, अन् त्याच्यावर उभी त बिलकूल करू नको. घरी आल्यावर वाकून पाहाची सवय लाव.

पावसात काळी माती रिमच्या आतून चिकटते. वाळली का निघत नाही. मंग ८०-९० वर स्टेरिंग थरथरते अन् लोक बॅलन्सिंग कराले पैसे देते. आधी आतून रिम धुऊन पाह्य.

जिनिंगवाला

सस्पेन्शनही आलं त्यात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा रस्ता लाटांसारखा होतो. लोअर आर्मचे बुश (जोडातली रबरं), टॉप माउंट, स्टॅबिलायझरच्या लिंक आपल्याकडे लवकर बोलायला लागतात. ब्रेक मारताना स्टेअरिंग एका बाजूला ओढलं गेलं तर बुश. गाडी लिफ्टवर चढवून पहारीने बुश हलवून बघायला सांगा. टायरच्या आतल्या भिंतीला फुगवटा आहे का तेही तेव्हाच बघा, बाहेरून दिसत नाही. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, कॅलिपरने मोजून घ्या. अशा गाडीच्या पुढच्या डिस्क साध्या गाडीच्या भावात मिळत नाहीत.

अवांतर: रात्री रोह्यांचा (नीलगाईंचा) कळप रस्त्यावर येतो. एक गेला की मागे आणखी असतात. २३० पीएस असो की ७०, तिथे वेग कमीच ठेवा.

वेणाकाठ

काल सकाळी सातला पोचलो, बॉनेट गार होतं. चेनचा आवाज नाही. पाना १३ भाऊंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे ओळखीच्या मेकॅनिकला स्कॅनरसह नेलं होतं. एकही फॉल्ट नाही, मला फार आनंद झाला. पण त्याने रेडीनेस (गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच करतो त्या चाचण्यांची स्थिती) बघितला तर बऱ्याच चाचण्या अपूर्ण होत्या. म्हणाला, एक तर बॅटरी काढली होती, नाहीतर दोन-तीन दिवसांत कोड, म्हणजे बिघाडांच्या नोंदी, पुसलेत. मालकांना विचारलं तर बॅटरी नवीन टाकल्याचं बिल दाखवलं, तारीख गेल्याच आठवड्याची. म्हणजे खरं असू शकतं.

ट्रे काढला. गिअरबॉक्सच्या बाजूला गुलाबी खरड आहे, ओली नाही. डीएसजीच्या ऑइलचं बिल आहे, ५८ हजारला, फिल्टरसह. ऑइलचे बदल सगळे १५ हजारने. प्लग मूळ नंबरचे. पुढचे दोन टायर २०१९ चे. लोअर आर्मचा डावा बुश चिरलेला. तिसऱ्या गिअरमध्ये दाबली तेव्हा गाडी अडखळली नाही. चालवून उतरल्यावर माझे हात थरथरत होते, इतकी ती छान चालते.

आता सांगा, घ्यावी?

पाना १३

घ्या, पण आजच्या भावाला नाही. वॉटर पंपाचं पूर्ण घर, चारही टायर, दोन्ही बाजूचे बुश, ऑइल, कूलंट, एवढं अंदाजपत्रक लेखी घ्या आणि ते किमतीतून मागा. एकच बुश बदलू नका, जोडीने. खरड ओली नाही म्हणजे गळती थांबली असं नाही, गरम इंजिनावर कूलंट सुकून जातो. प्रेशर टेस्ट करून घ्या, पंपाने दाब भरून ठेवला आणि काटा उतरला की वाद संपतो.

रेडीनेससाठी मालकांना विनंती करा की आठवडाभर गाडी चालवा, मग परत स्कॅन करू. चाचण्या पूर्ण होऊन कोड आला नाही तर बॅटरीचं म्हणणं खरं. नकार दिला तर तुम्ही पण थांबा. किमतीशिवाय निदान एका मोठ्या दुरुस्तीचे पैसे बाजूला हवेत. सगळे गाडीतच गेले तर पहिल्या आजारात गाडी शेडमध्ये उभी राहते, आणि उभी गाडी जास्त बिघडते.

खामगावी

दुसरी गाडी घरी आहे हे वाचून माझा विरोध मागे. पाना १३ यांच्या अटी मात्र एकही सोडू नका.

अंबानगरी

विम्यात इंजिन संरक्षण आणि रोडसाइड असिस्टन्स दोन्ही घ्या. घेण्याआधी विचारा की तुमच्या गावापर्यंत किती किमी टोइंग मोफत आहे. काही पॉलिसींत ही मर्यादा असते आणि ७५ किमी त्यात बसतीलच असं नाही.

वेणाकाठ

ताई, हे लक्षातच आलं नसतं. टोइंगवरून आठवलं, आमच्याकडे बंद पडलेली गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून आणतात. ही तशी आणली तर चालेल?

पाना १३

नाही. डीएसजी गाडीचं इंजिन बंद असताना पेटीतला ऑइल पंप फिरत नाही, चाकं मात्र आतले गिअर फिरवत राहतात. शेतातून डांबरापर्यंत काढायची वेळ आली तर न्यूट्रलमध्ये, पायी चालण्याच्या वेगाने, शे-दोनशे मीटर, तेवढंच. पुढे फ्लॅटबेडच, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक. टोइंगचा हूक डिकीतल्या टूलकिटमध्ये असतो, बंपरवरच्या छोट्या झाकणामागे आटे असतात तिथे तो फिरवून बसवायचा. जुन्या गाड्यांत तो हूक बहुधा हरवलेला असतो. पुन्हा बघायला जाल तेव्हा आहे का ते पाहून घ्या, आणि लॉकिंग व्हील बोल्टची चावीसुद्धा. ती नसेल तर पंक्चरवाला चाक काढू शकत नाही.